पताका भगवी म्हणून माउंटही भगवा?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गेली सहा वर्षं आषाढीच्या वारीत कॅमेरा घेऊन चालते. यंदा मैत्रिणींनी फारच मागे लागून अकरा फोटोंचं छोटं प्रदर्शन ठरवलं आहे. नंतर तेच फोटो घरी बैठकीच्या खोलीत लागतील. प्रिंट १२ × १८ इंचांच्या आहेत, मॅट कॉटन कागदावर; आठ रंगीत आणि तीन कृष्णधवल. आमचे फ्रेमवाले काका म्हणतात, पताकेच्या फोटोला भगवा माउंट (फोटोभोवती लावायचा पुठ्ठा), तुळस डोक्यावर घेतलेल्या बाईंच्या हिरव्या लुगड्याला हिरवा, चोपदाराच्या फोटोला मरून, असं एकेकाला मॅचिंग करू आणि वर सोनेरी पट्टी लावू. मुलगी म्हणते, सगळं काळं कर, भारी दिसेल. कॅमेरा क्लबातल्या एका गृहस्थांनी तर बजावलंच की माउंट पांढराशुभ्र हवा, बाकी सगळा हौशी कारभार. काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर शेडकार्डाचे फोटो पाठवलेत, ते बघून आणखीच गोंधळ उडाला. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पांढऱ्या भिंती आणि पिवळसर स्पॉटलाइट आहेत. घरी फिकट पिवळ्या भिंती आणि ट्यूबलाइट. शिवाय आईवडिलांच्या लग्नाचा १९५८ सालचा फोटो आहे, पिवळट पडलेला. त्यालाही नवी फ्रेम करायची आहे. काय करू?
— एक वाचक, सांगली

ताई,

सगळ्यात आधी ते शेडकार्डाचे फोटो मोबाइलमधून काढून टाका. पांढरा कशाला म्हणायचं हे मोबाइलचा कॅमेरा दर वेळी आपल्या मनाने ठरवतो. त्यात काकांच्या दुकानातला दिवा वेगळा आणि तुमच्या फोनचा पडदा वेगळा. त्यावरून माउंट निवडणं म्हणजे फोनवरून वास घेऊन हापूसची पेटी ठरवण्यासारखं आहे.

आता काकांचं मॅचिंग. त्यांच्यावर रागावू नका. गिऱ्हाईक येतं, फोटोतल्या एखाद्या रंगावर बोट ठेवतं आणि ‘ह्याला जाईल असं काहीतरी करा’ म्हणतं. वर्षानुवर्षं हेच ऐकल्यावर कोणीही मॅचिंग सेंटर उघडेल. पण साडी आणि ब्लाउज एकत्र अंगावर येतात, त्यांनी एकमेकांना धरून राहायचं असतं. फोटो आणि माउंटचं नातं तसं नाही. माउंटचं काम साडीच्या दुकानातल्या गादीवर अंथरलेल्या पांढऱ्या चादरीचं आहे. दुकानदार त्या चादरीवर साडी उलगडतो, कारण तिथे साडीशिवाय बघण्यासारखं काही नसतं.

तुमच्या पताकेच्या फोटोचंच घ्या. तिथे दाखवायचा आहे तो भगवा. धूळ, पांढरे सदरे, ढगाळ आभाळ अशा मातकट रंगांत तो एकटा आहे म्हणून पेटल्यासारखा दिसतो. त्याच्या चारी बाजूंनी तीन-तीन इंच भगवा पुठ्ठा लावला की डोळा त्या मोठ्या भगव्याला सरावतो आणि आतली बोटभर पताका फिकी पडते. जे उठून दिसावं म्हणून मॅचिंग केलं, तेच मॅचिंगने बसतं. हिरव्या आणि मरून माउंटचं दुखणं वेगळं. हिरव्याच्या शेजारी माणसांचे चेहरे उगाच तांबूस वाटायला लागतात, आणि मरूनच्या शेजारी तेच चेहरे किंचित हिरवट, आजाऱ्यासारखे. चोपदार बिचारा ठणठणीत असतो.

हे मी माझ्या आवडीनिवडीतून सांगत नाही. पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा भिंतीवर लावायची चित्रवस्त्रं विणण्याचा प्रसिद्ध कारखाना आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या रंगशाळेचे प्रमुख होते मिशेल-यूजेन शेव्हरल, पेशाने रसायनशास्त्रज्ञ. तिथली काळी लोकर विणल्यावर पुरेशी काळी दिसत नाही अशी तक्रार त्यांच्यापर्यंत आली. त्यांनी लोकर तपासली. रंग पक्का होता. खोट होती ती शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या संगतीत. १८३९ साली त्यांनी ह्या विषयावर मोठा ग्रंथ छापला. त्यातला आपल्या कामाचा भाग एवढाच: दोन रंग शेजारी ठेवले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून बघतो. गडद रंगाशेजारी करडा उजळ दिसतो, उजळ रंगाशेजारी तोच करडा काळवंडतो. (हे शेव्हरल पुढे छायाचित्रणाच्या इतिहासातही शिरले. १८८६ मध्ये त्यांनी शंभरी गाठली तेव्हा नादार ह्या छायाचित्रकाराने त्यांची मुलाखत घेतली आणि बोलणं चालू असताना नादारच्या मुलाने त्यांचे एकामागून एक फोटो टिपले. पहिली फोटो-मुलाखत म्हणून तिचं नाव घेतात. वारीत माणसांना बोलतं ठेवून फोटो काढणाऱ्या तुमच्यासारखीला ही गोष्ट आवडेल म्हणून सांगितली.)

म्हणजे माउंटला रंग नको. इथपर्यंत क्लबातल्या गृहस्थांचं बरोबर आहे. त्यांची चूक होते ती ‘शुभ्र’ ह्या शब्दापाशी.

पांढरा हा एक रंग नाही, ते मोठं कुटुंब आहे. फ्रेमवाल्याकडचे चार ‘व्हाइट’ एकमेकांशेजारी ठेवून बघा: एक निळसर, एक करडेपणाकडे झुकलेला, एक दुधाच्या सायीसारखा, एक हस्तिदंती. एकेकटे बघितले तर चारही पांढरे. आता तुमची प्रिंट त्यांच्यावर ठेवा. तुमचा कागद कॉटनचा, मॅट; असे बरेचसे कागद मुळातच थोडे उबदार पांढरे असतात. प्रिंटमधला सगळ्यात उजळ भाग कितीही उजळ झाला तरी त्या कागदाहून पांढरा होऊ शकत नाही, कारण तिथे शाईच नसते, नुसता कागद असतो. मग शेजारी त्याहून पांढरा, निळसर माउंट आला की फोटोतला पांढरा तिथल्या तिथे पिवळा पडतो.

आणि वारीच्या फोटोंत पांढरं सोडून असतं तरी काय? धोतरं, बंड्या, टोप्या, रिंगणाभोवती बसलेली माणसांची पांढरी रांग. त्यातही दहा-बारा दिवस ऊनपावसात चाललेल्या माणसाचा सदरा परीटघडीचा पांढरा नसतो. त्यात माती उतरलेली असते, पावसाचं पाणी सुकलेलं असतं, कपाळावरच्या बुक्क्याचा हात लागलेला असतो. तो मऊ, वापरलेला पांढरा हाच तुमच्या फोटोंचा जीव आहे. त्याच्या शेजारी कडक इस्त्रीचा माउंट ठेवला, तर बघणाऱ्याला वारकरी दिसायच्या आधी मळके कपडे दिसतील.

हे मी स्वतःच्या खिशातून पैसे घालवून शिकलो आहे. माझं पहिलं प्रदर्शन मिठागरांच्या फोटोंचं होतं. संध्याकाळी दुकानात गेलो, तिथल्या ट्यूबखाली सगळ्यात झळझळीत पांढरा बोर्ड निवडला आणि एका दमात सगळ्यांना तोच कापून घेतला. हॉलला पूर्वेकडे मोठ्या खिडक्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आत आलं तसे माझे माउंट निळसर चमकायला लागले आणि आतलं मीठ पिवळं पडलं. एका काकूंनी मनापासून विचारलं, ‘हे गुळाचे ढीग कुठले हो?’ मी कुठलं तरी गाव सांगून वेळ मारून नेली.

झालं होतं ते असं. पूर्वी पांढऱ्या कपड्यांना नीळ घालत. आता डिटर्जंटमध्ये कपडे शुभ्र दाखवणारी द्रव्यं असतात. तीच द्रव्यं झळझळीत पांढऱ्या कागदांत आणि पुठ्ठ्यांतही घालतात. ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पितात आणि बदल्यात निळसर प्रकाश बाहेर टाकतात. उन्हात अतिनील भरपूर, म्हणून तिथे पुठ्ठा झगमगतो. पिवळसर एलईडीच्या प्रकाशात अतिनील जवळजवळ नसतोच, तिथे तोच पुठ्ठा साधा होऊन बसतो. ह्या द्रव्यांचा जोर वर्षांनुवर्षं टिकतही नाही. तो ओसरला की पुठ्ठा पिवळट दिसायला लागतो. म्हणजे असा माउंट खिडकीपाशी एक, स्पॉटलाइटखाली दुसरा आणि काही वर्षांनी तिसराच. काकांना विचारा की बोर्डात असं शुभ्रक आहे का. त्यांना सांगता आलं नाही तर नमुना खिडकीपाशी न्या, तुमच्या प्रिंटची कोरी कड त्याला चिकटवून धरा आणि तसंच पिवळ्या दिव्याखाली करा. दोन्हीकडे जोडी जमली की तो बोर्ड तुमचा.

तुमच्यासाठी मी जो शोधायला सांगेन तो म्हणजे सायीच्या अलीकडचा, अगदी किंचित उबदार पांढरा. दुकानांतून तो ऑफ-व्हाइट नावाने मिळतो, पण त्या नावाखाली वाट्टेल ते खपतं. तेव्हा नाव विसरा, प्रिंट बरोबर घेऊन जा. माउंट तुमच्या कागदाइतका किंवा त्याहून कणभर गडद चालेल, उजळ नको. आणि क्रीमपर्यंतही जाऊ नका. क्रीमच्या शेजारी तुमचे ढग उगाच निळे होतील.

घरच्या घरी करायची एक परीक्षा सांगतो. काकांकडून माउंटच्या कापलेल्या तुकड्यांतून प्रत्येक रंगाचे दोन मोठे ‘एल’ आकार मागून घ्या. असे तुकडे त्यांच्याकडे ढिगाने पडलेले असतात. प्रिंट भिंतीला उभी करा. टेबलावर आडवी नको, आडव्या प्रिंटवर प्रकाश वेगळा पडतो. तिच्याभोवती दोन एल जुळवून चौकट करा, आठ-दहा फूट मागे या आणि डोळे किलकिले करा. मग एकच प्रश्न: नजर पहिल्यांदा कुठे जाते? चेहऱ्यावर, पताकेवर, रिंगणातल्या घोड्यावर गेली तर ठीक. पुठ्ठ्यावर गेली तर तो पुठ्ठा बाद. ह्या वेळी प्रिंटवर साध्या काचेचा तुकडा धरायला विसरू नका. नेहमीच्या काचेत लोहाचा अंश असल्याने तिला बारीकशी हिरवी झाक असते. माउंट जेवढा उजळ तेवढी ती जास्त जाणवते, आणि आपण माउंट मात्र काचेशिवाय निवडत असतो.

मुलीच्या काळ्याकडे वळतो. तिची नजर वाईट नाही. काळ्या माउंटमध्ये उजेड खरंच चमकतो. रात्रीच्या कीर्तनाचा एखादा फोटो असेल, तंबूतल्या दिव्यात उजळलेले पाच-सहा चेहरे आणि बाकी अंधार, तर त्याला काळं लावावंसं मलाही वाटेल. पण तुमच्या कागदाने तिथे घोळ केलाय. मॅट कागदावरचा काळा हा चकचकीत कागदावरच्या काळ्याइतका खोल कधीच नसतो. एरवी ते कळत नाही, कारण शेजारी तुलनेला काही नसतं. काळा माउंट ती तुलना आणून ठेवतो आणि तुमचा सगळा अंधार राखाडी होतो. शिवाय बहुतेक काळ्या बोर्डांचा गाभा पांढरा असतो. माउंटची खिडकी, म्हणजे फोटो दिसावा म्हणून मधे कापलेली जागा, ४५ अंशांत तिरकी कापतात, त्यामुळे तो गाभा फोटोभोवती पांढऱ्या रेघेसारखा उघडा पडतो, आणि रात्रीच्या फोटोला चुन्याची सीमारेषा आखल्यासारखं होतं. आतून-बाहेरून काळा बोर्ड मिळतो, पण तो मुद्दाम मागावा लागतो. आणि काळ्यावर धूळ, बोटांचे ठसे, काच बसवताना पडलेला कापसाचा धागा, सगळं दिसतं. मुलीला सांगा, चकचकीत कागदावरची प्रिंट काढशील तेव्हा काळ्याचा विचार करू.

तीन कृष्णधवल फोटो त्याच कागदावर असतील तर त्यांना तोच माउंट द्या. वेगळा रंग शोधू नका. फक्त भिंतीवर ते तीन एकत्र लावा. रंगीत फोटोंच्या अधेमधे पेरले तर प्रत्येक वेळी बघणाऱ्याचा डोळा रंगातून बाहेर यायला वेळ घेतो आणि कृष्णधवल फोटो उगाच उदास वाटतात.

मापाचं थोडक्यात. तुमची प्रिंट १२ × १८, तेव्हा १८ × २४ ची फ्रेम करा. चारही बाजूंना तीन इंच माउंट मिळतो आणि हिशोब सरळ बसतो. दुकानात तयार १६ × २० ची फ्रेम मिळेल, काका ती स्वस्तात देऊही करतील. पण तिच्यात एका दिशेला दोन इंच आणि दुसऱ्या दिशेला जेमतेम एक इंच माउंट उरतो आणि फोटो उसन्या कपड्यांत आल्यासारखा दिसतो. खिडकी वरच्या बाजूला पाव इंच सरकवून घ्या, म्हणजे वर पावणेतीन आणि खाली सव्वातीन. अगदी मधोमध ठेवलेला फोटो डोळ्याला खाली घसरल्यासारखा वाटतो. हे कोणाच्या लक्षातही येणार नाही, आणि तेच हवं आहे.

खिडकी फोटोच्या कडेवर थोडी चढवायची की कागदाची कोरी कड पाव इंच दिसू द्यायची, हा प्रश्न काका विचारतील. मला कोरी कड दिसलेली आवडते, विशेषतः खाली पेन्सिलने सही केली असेल तर. पण मग कागदाचा पांढरा आणि माउंटचा पांढरा एकमेकांना भिडतात, आणि त्यांच्यातला केसाएवढा फरकही ओरडतो. जोडी शंभर टक्के जमली नसेल तर सरळ खिडकी फोटोवर दोन-तीन मिलिमीटर चढवा. कागद झाकला गेला की तक्रार मिटली.

आता चौकट. माउंट फोटोकडे बघून ठरवायचा, आणि चौकट भिंतीकडे बघून. हॉलच्या पांढऱ्या भिंतीवर काळी, तपकिरी, लाकडी काहीही खपून जाईल. पण प्रदर्शन चार दिवसांचं, घर कायमचं. तुमच्या फिकट पिवळ्या भिंतीवर अकरा काळ्या चौकटी लावल्या तर घरात कोणी गेल्यासारखं वाटेल. पांढऱ्या चौकटी त्याच भिंतीवर खिडक्यांसारख्या दिसतील. साधी सागवानी पट्टी घ्या, पाऊण इंच रुंद, मॅट पॉलिशची, फार लालसर नाही आणि फार गडदही नाही. पिवळ्या भिंतीशी तिचं जमतं, उबदार माउंटशी जमतं आणि वारीच्या मातीशी तर जमतंच. चकचकीत पॉलिश नको. स्पॉटलाइटची तिरीप त्यावर पडली की चौकटीच्या कडेने एक पांढरी रेघ पेटते आणि फोटोतल्या कुठल्याही पांढऱ्याला हरवते. लाकडासारखी दिसणारी फायबरची पट्टी स्वस्त पडेल, पण तिच्या कोपऱ्यांच्या जोडात काही दिवसांनी फट दिसते आणि तिथून आतला पांढरा डोकावतो. पैसे वाचवायचेच असतील तर लाकडाची पट्टी अर्ध्या इंचाची करा, लाकूड सोडू नका. पट्टी आणि माउंट एकाच रुंदीचे मात्र करू नका, फोटोभोवती सतरंजीचे पट्टे उमटतात.

सोनेरी पट्टीबद्दल काकांना काय सांगायचं? माझ्या मनात सोनेरी चौकट म्हणजे देवघर. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. अशा तसबिरींभोवती सोनेरी पट्टी आपण इतकी वर्षं बघत आलोय की सोनेरी दिसलं की हात आपोआप जोडले जातात. विठ्ठलाच्या तसबिरीला ती शोभते. तुमच्या फोटोंतला विठ्ठल अजून पुढे आहे आणि ही माणसं चिखलातून त्याच्याकडे चालली आहेत. त्यांच्याभोवती सोनं नको. काकांचा मान राखायचा असेल तर वडीलमाणसाला विचारावं तसं त्यांना विचारा: ‘काका, सागवानात कोपरा बेमालूम जोडून द्याल ना?’ चांगल्या कारागिराला ह्या प्रश्नात सोनेरी पट्टीपेक्षा जास्त मजा वाटते.

अकराही चौकटी एकसारख्या करा. घरात वेगवेगळ्या चौकटी चालतात, कधीकधी छानही दिसतात, पण प्रदर्शनात बघणारा फोटो सोडून चौकटी मोजत बसतो.

हॉल आणि घर ह्यांच्या दिव्यांत फरक आहे, तो सांभाळून घ्यावा लागेल. स्पॉटलाइट बहुधा ३००० केल्विनच्या (केल्विन हे दिव्याच्या रंगछटेचं माप) आसपास असतील, म्हणजे पिवळसर. घरच्या ट्यूब बऱ्याचदा ६५०० केल्विनच्या, निळसर. एलवाली परीक्षा दोन्हीकडे करा. हॉल उघडून देतील का म्हणून संकोचू नका, दहा मिनिटांचं काम आहे. दोन्हीकडे एकच माउंट जिंकला नाही तर घराच्या बाजूने कौल द्या आणि नंतर बैठकीच्या खोलीतली ट्यूब बदलून ४००० केल्विनची लावा. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा जास्त लिहिलेला बघून घ्या. फोटोच नाही, समोर बसलेली माणसंही बरी दिसतील.

रंग सोडून दोनच गोष्टी, कारण त्यांच्यापुढे रंगाची निवड फुकट जाते. बोर्ड अ‍ॅसिड-फ्री आहे का ते विचारा. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरतं. काही वर्षांनी खिडकीचा तिरका काप तपकिरी होतो आणि फोटोवर त्याचा चौकोनी डाग उमटतो. तुम्ही एवढ्या विचाराने निवडलेला पांढरा मग कोणाला दिसणार? दुसरं, प्रिंट मागच्या पुठ्ठ्याला फक्त वरच्या कडेने टांगून घ्या, अ‍ॅसिड-फ्री कागदी पट्टीने. सेलोटेप अजिबात नको, आणि चारही बाजूंनी चिकटवणं तर नकोच. सांगलीच्या पावसाळ्यात कागद ओल पिऊन फुगतो. त्याला पसरायला जागा नसली की पोटात लाट उठते. मधे माउंट असल्यामुळे काच फोटोला चिकटणार नाही, हा माउंटचा दिसण्यापलीकडचा उपयोग.

राहिला आईवडिलांचा फोटो. त्याला मी वेगळा न्याय लावेन.

त्या काळात स्टुडिओवाले लग्नाचा फोटो बहुधा जाड कार्डावर चिकटवूनच देत. त्यावर उठावात स्टुडिओचं नाव, कधी वेलबुट्टी. तुमचा तसा असेल तर तो कार्डावरून सोडवू नका आणि फ्रेममध्ये बसावा म्हणून कार्डाच्या कडाही कापू देऊ नका. काका प्रेमाने विचारतील, ‘हा पुठ्ठा जुनाट दिसतो, काढून नवा लावू का?’ नाही म्हणा. ते कार्डच त्याचा माउंट आहे, १९५८ साली त्याच फोटोसाठी निवडलेला. फोटो आणि कार्ड इतकी वर्षं शेजारी पिवळे होत आलेत, त्यांचं आपसात जमलंय. बाहेरून आणलेला कुठलाही नवा पांढरा त्यांच्यात पाहुण्यासारखा दिसेल.

फोटो चांगल्या ठिकाणी स्कॅन करून घ्या, मूळ फोटो अ‍ॅसिड-फ्री कागदात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा आणि भिंतीवर त्याची प्रत लावा. प्रत काढणारा माणूस हौसेने पिवळेपणा ‘दुरुस्त’ करायला निघेल. त्याला थोडं आवरा. डाग काढू दे, रंग राहू दे. ह्या एका फोटोला मात्र हस्तिदंतीकडे झुकलेला क्रीम माउंट चालेल, इतर अकरांना मी ज्याच्यापासून दूर ठेवलं तोच. कारण तेच: फोटोतला सगळ्यात उजळ पांढरा म्हणजे तुमच्या वडिलांचं उपरणं असेल, नाहीतर आईच्या मुंडावळ्या. ते आता क्रीम झालेत, आणि माउंट त्यांच्यापेक्षा उजळ नको. चौकट शिसवी रंगाची, गडद. हा फोटो वारीच्या रांगेत लावू नका, दुसऱ्या भिंतीवर लावा.

आणि स्कॅन करताना कार्डाची मागची बाजूही स्कॅन करून घ्या. कोणाच्या तरी हाताने पेन्सिलीत तारीख नाहीतर गावाचं नाव लिहिलेलं निघतं.